आधीच फुटलेली अंडी

नार्देलींच्या घरी रात्रीच्या जेवणाला बटाटे घातलेलं जाडजूड आम्लेट झालं, की मारिसेल पुन्हा नापास झाली असं समजावं. ही खूण आता गल्लीलाही माहीत झाली होती. शेजारची बाई कुंपणावरून वास घ्यायची आणि आपल्या नवऱ्याला म्हणायची, "बिचारी. याही खेपेला."

त्यामागचं कारण साधं होतं. रेसिस्तेन्सिया शहरात ज्याचा शेवटचा विषय सुटतो त्याच्या डोक्यावर घरचे लोक कॉलेजच्या दारातच अंडी फोडतात आणि वरून पीठ उधळतात. अंगावरचे कपडे वाया गेले तरी चालतील, पण माणूस कोरडा घरी येता कामा नये. मारिसेलचा एकच विषय उरला होता, त्यामुळे तिच्या प्रत्येक परीक्षेला तिची आई इर्माबाई अंड्यांचा ट्रे आणि पिठाची पिशवी घेऊन दारासमोरच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. प्रत्येक वेळी मारिसेल मान हलवत बाहेर यायची आणि ट्रे जसाच्या तसा मांडीवर धरून सगळे घरी परतायचे. अंडी टाकून देणं इर्माबाईंच्या रक्तात नव्हतं. मग बटाटे सोलले जायचे. ते आम्लेट मारिसेल शेवटच्या तुकड्यापर्यंत खायची. आपल्या अपयशाला मीठ अगदी बेताचं पडलेलं असतं, हे तिला केव्हाच कळून चुकलं होतं.

मारिसेल नार्देली बेचाळीस वर्षांची होती. अठराव्या वर्षी तिने संगणकशास्त्राला नाव घातलं, बाविसाव्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले म्हणून सोडलं आणि ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, केसांत रुपेरी बटा दिसू लागल्यावर पुन्हा धरलं. मधल्या काळात ती एका खासगी दवाखान्यात रुग्णांची नोंद करणाऱ्या खिडकीमागे बसली, आणि अजूनही बसत होती. तिथला संगणक अडला, की डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिलाच हाक मारत. गल्लीत तर कोणाचा प्रिंटर, कोणाचा मोबाइल, कोणाच्या नातवाची शाळेची फाइल, असं काहीतरी रोज दारात येऊन पडलेलं असे. लोक तिला 'जवळजवळ' म्हणत. पूर्ण नाव 'जवळजवळ-इंजिनिअर', पण एवढं लांबलचक कोण म्हणणार!

"काय गं जवळजवळ, या रविवारी माझा टीव्ही बघशील?" खाटीक मांस तोलता तोलता विचारायचा.

"टीव्ही माझ्या अभ्यासक्रमात नाही, ओबदुल्योशेठ."

"अभ्यासक्रमात जे आहे तेही अजून झालं नाही म्हणतात."

दुकानातले लोक हसायचे. मारिसेलही हसायची, आणि घरी येऊन मांसाची पिशवी ओट्यावर आपटायची.

बाकीचे सगळे विषय तिने एकामागून एक सोडवले होते. अडलं होतं ते एका ठिकाणी: असेम्ब्ली भाषा आणि संगणकाची अंतर्रचना. यंत्राची स्वतःची बोली म्हणावी अशी ही भाषा. हिच्यात दोन आकड्यांची बेरीज सांगायची तर आधी कुठला आकडा कुठल्या खणात ठेवला आहे, ते सांगावं लागतं. उत्तर कुठे ठेवायचं तेही सांगावं लागतं, आणि तो खण वापरण्याआधी त्यात दुसऱ्याचं काही नाही ना, हेही आपणच पाहायचं. विसरलात तर यंत्र तक्रार करत नाही. ते गप्प बसून चुकीचं काम मन लावून करतं. मारिसेलला सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीचा यायचा. माणसं निदान तोंडावर बोलतात.

विषय शिकवणारे इंजिनिअर दालमासो उंच, सुकलेले आणि विनोदाचं वावडं असल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. त्यांच्या तोंडी परीक्षेत संगणक नसायचाच. फळा, खडू आणि विद्यार्थी. "प्रोसेसर आता तुम्ही आहात," ते म्हणायचे, "चालवा." मग एकेक ओळ वाचत, खणांतले आकडे पुसत आणि पुन्हा लिहीत, विद्यार्थ्याने स्वतःच यंत्र व्हायचं. कुठला प्रश्न पडणार ते ठरायचं जाळीच्या एका लहानशा पिंपावरून. त्यात क्रमांक घातलेल्या लाकडी गोट्या असत. पिंप फिरवायचं आणि दोन गोट्या काढायच्या. इतर विद्याशाखांनी ही पद्धत कधीच बंद केली होती. दालमासोंनी त्यांचं टाकून दिलेलं पिंप मागून आणलं होतं.

मारिसेलने एकदा धीर करून विचारलं होतं, "इंजिनिअर, आजच्या काळात ही भाषा लिहितं तरी कोण?"

"जवळपास कोणी नाही," दालमासो म्हणाले होते. "म्हणून तर कोणाला तरी यायला हवी."

आणि मारिसेलच्या वाट्याला दर खेपेला सात क्रमांकाची गोटी यायची. सात म्हणजे इंटरप्ट: यंत्र एका कामात गढलेलं असताना बाहेरून कोणीतरी मारलेली हाक. कळ दाबली जाते, प्रिंटरचा कागद संपतो, घड्याळाचा ठोका पडतो. त्या क्षणी यंत्राने हातातलं काम जिथल्या तिथे थांबवायचं, परतीचा पत्ता चळतीत ठेवायचा, त्यावर खणांमध्ये जे काही आहे ते एकावर एक रचून ठेवायचं, मग हाकेला जायचं. परत आल्यावर चळत वरून उतरवायची. शेवटी ठेवलेलं आधी. क्रम चुकला तर एकाचा आकडा दुसऱ्याच्या खणात जातो आणि पुढचं सगळं मुसळ केरात.

हे मारिसेलला समजत नव्हतं असं नाही. घरी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर बाटल्यांची झाकणं रचून रोज हे करायची. तांबडं झाकण या खणाचं, हिरवं त्या खणाचं, निळं परतीच्या पत्त्याचं. हाका मारायचं काम आईचं. इर्माबाई चुलीपाशी उभ्या राहून मनात येईल तेव्हा पातेल्यावर चमचा वाजवायच्या.

"टिंग! मी प्रिंटर. माझा कागद संपला."

"थांब आई, आधी हातातलं ठेवू दे."

"प्रिंटर थांबत नसतो, तूच म्हणालीस. टिंग! आता मी घड्याळ."

"आई, एकाच वेळी दोन नको ना!"

"मग काय घड्याळ माझ्या सोयीने चालतं? टिंग!"

टेबलावर तिचं कधीही चुकत नसे. फळ्यासमोर उभी राहिली की मात्र पाठीवर दालमासोंची नजर पडायची आणि झाकणं डोक्यात घरंगळायची. मागच्या खेपेला तिने चळत रचली तशीच, त्याच क्रमाने उतरवली होती. लिहिता लिहिताच चूक तिच्या लक्षात आली, पण हात थांबला नाही. दालमासो फक्त म्हणाले, "तुमचं यंत्र आता दुसऱ्याच्याच घरी गेलं आहे, बाई."

डिसेंबरची, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातली, ही फेरी शेवटची होती. तिने पूर्ण केलेल्या वर्गांची मुदत या फेरीबरोबर संपत होती. आता नापास झाली तर सगळा विषय मुळापासून पुन्हा, दुपारच्या वर्गांना हजेरी लावून, प्रयोगांसकट. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने दुपारची सुट्टी यापुढे मिळणार नाही असं स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे सुटला तर आज, नाहीतर कधीच नाही. हे घरी तिने सांगितलं होतं, पण आईच्या डोक्यात त्यातलं फक्त 'आज' एवढंच शिरलं. इर्माबाईंनी घाईच्या कामांचा संत सान एक्सपेदितो याच्यासमोर मेणबत्ती लावली आणि लगोलग अंडी आणायला गेल्या.

"तुम्ही कोणी येऊ नका," मारिसेल सकाळी म्हणाली. "मी हात जोडते."

"आम्ही कशाला येतोय? एवढ्या उन्हात?"

"मग हा ट्रे टेबलावर कशाला?"

"अंडी घरात असू नयेत का?"

भाऊ तितो दारात आपली जुनी मालवाहू गाडी पुसत होता. एरवी ती गाडी तो फक्त पाऊस पडला की धुवायचा, तेही पावसाकडूनच. मारिसेलने त्या चकचकीत गाडीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि बसने निघून गेली.

परीक्षेचा वर्ग वरच्या मजल्यावर आतल्या बाजूला होता. त्याला खिडकी नव्हती. भिंतीवरचं यंत्र थंड वारा फेकत होतं, पण तो फक्त दालमासोंच्या टेबलापर्यंत पोहोचायचा. त्यांच्या शेजारी त्यांच्या मदतनीस इंजिनिअर सोतेलो बसल्या होत्या. वयाने मारिसेलपेक्षा लहान, कधीकाळी तिच्याच वर्गात बसलेल्या. मारिसेलच्या आधी मिलाग्रोस आत गेली. एकवीस वर्षांची ही मुलगी मारिसेलबरोबर अभ्यास करायची आणि तिला 'मावशी' म्हणायची. थोड्याच वेळात ती दहापैकी नऊ गुण घेऊन बाहेर आली.

"काही नाही गं मावशी, सोप्पं विचारतात," ती म्हणाली. "मी खाली झाडाखाली थांबते. तेरेरेचा गार चहा करून ठेवते तुझ्यासाठी, भरपूर बर्फ घालून."

सोप्पं म्हणे! मारिसेलच्या डोक्यात तिडीक गेली, पण पोरीवर रागावण्यासारखं काही नव्हतं. मिलाग्रोस खरंच तेवढी हुशार होती.

आपली पाळी आली तेव्हा ती सगळ्यांत शेवटची उरली होती. सोतेलोंनी पिंप फिरवलं. पहिली गोटी तीन. आकडे यंत्रात कसे मांडतात, उणे आकड्यांचं काय करतात; हा भाग तिचा हातचा मळ होता. दुसरी गोटी टेबलावर आली आणि तिने पाहण्याआधीच ओळखली. सात.

दालमासोंनी भुवई उंचावली. "तुमची जुनी ओळख आहे, मला वाटतं."

"ओळख असून उपयोग काय, इंजिनिअर? कामं करत नाही."

सोतेलो खाली मान घालून काहीतरी लिहू लागल्या.

तीन नंबर तिने व्यवस्थित पार पाडला. मग फळ्याकडे वळली आणि सातव्याला हात घातला. चार खण आखले, शेजारी चळत आखली. कळ दाबल्याची हाक आली, तिने हातातलं काम थांबवलं, परतीचा पत्ता चळतीत, खणांतले आकडे चळतीत. ती हाकेच्या कामात अर्ध्यावर पोहोचली तेव्हा दालमासो मागून म्हणाले, "याच क्षणी दुसरी हाक येते. घड्याळाची. आता?"

टिंग, तिच्या डोक्यात आईचा चमचा वाजला. तिने खडू टेकवला, आणि वीज गेली.

डिसेंबरात वीज जाते यात नवल नव्हतं. सगळं शहर एकदम थंड वारा मागतं आणि तारा हात वर करतात. पण खिडकी नसलेल्या त्या वर्गात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. कोणीतरी खुर्चीला अडखळलं. दालमासोंचा आवाज मात्र जागेवरून हलला नाही.

"बाई, फळ्यावर काय होतं ते आपण तिघांनीही पाहिलं आहे. तळमजल्यावर खिडक्यांचा वर्ग आहे, तिथे बसू. तुम्ही पाणी पिऊन या. परीक्षा संपलेली नाही."

"हो, इंजिनिअर."

जिन्यावरच्या नळाने नुसता सुस्कारा टाकला. पंप बंद होता. मिलाग्रोसकडे तेरेरे असेल, दोन घोट घ्यावेत आणि परत यावं, असं म्हणत मारिसेल पुढच्या दाराकडे गेली. चेहऱ्यावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. बाहेरच्या उजेडात तिला काही दिसेना. तिने दोन्ही तळहातांनी डोळे पुसले.

झाडाखाली उभ्या असलेल्या इर्माबाईंनी पाहिलं ते एवढंच: लेक पुढच्या दाराने बाहेर आली, आणि रडते आहे. आनंदाने.

पहिलं अंडं डोक्यावर फुटलं तेव्हा मारिसेलला वाटलं, वरून काही पडलं. दुसरं कानाजवळ फुटलं. तिसरं तितोने मागून मानेवर दाबून फोडलं, जसं फोडायची पद्धत असते तसं, आणि मग वरून पिठाची अख्खी पिशवी आली.

"पास झाली! माझी पोरगी पास झाली!" इर्माबाई ओरडत होत्या. "सान एक्सपेदितो, तुझे उपकार!"

"थांबा! अहो आजी, थांबा!" मिलाग्रोस हातात तेरेरेचा पेला धरून धावत आली. तोवर ट्रे रिकामा झाला होता. एकही अंडं जमिनीवर वाया गेलं नव्हतं म्हणावं, तर तेही खोटं. पुष्कळशी पायरीवर फुटली होती.

मारिसेल हलली नाही. भुवईवरून बलक ओघळून हनुवटीवर आला, तिथे थबकला, मग ब्लाउजवर पडला.

"संपलेली नाही," ती म्हणाली.

"काय संपलं नाही, पोरी?"

"परीक्षा. परीक्षा संपलेली नाही, आई. लाइट गेली म्हणून मला पाणी प्यायला सोडलंय."

इर्माबाईंचा हात तोंडावर गेला. तितोने रिकामी पिशवी पाठीमागे लपवली, जणू पीठ दुसऱ्याच कोणी टाकलं होतं.

"मग तू रडत का आलीस?" त्या म्हणाल्या.

"घाम होता!"

"मला काय माहीत! एवढी वर्षं वाट बघतेय. दारातून आलीस, डोळे पुसलेस..."

"मी सकाळी काय सांगितलं होतं? हात जोडले होते ना मी?"

"आई म्हणाली लांबूनच बघू," तितो पुटपुटला. "लांबूनच होतो गं, जाडे."

"पूर्ण व्हायच्या आधी अभिनंदन," इर्माबाईंनी छातीवर क्रूस काढला. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "देवा, मीच माझ्या लेकराच्या नशिबात माती कालवली." वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस आधी दिल्या तरी वर्ष वाईट जातं, असं मानणाऱ्या त्या बाई, आता त्यांना कुठे तोंड लपवावं कळेना.

मारिसेलच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. सात नंबरची गोटी, दवाखान्यातली खिडकी, गल्लीतले प्रिंटर, खाटकाचं हसणं, ती सगळी आम्लेटं. पण दारातून इमारतीचा शिपाई बाहेर आला, पायरीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ज्याने सांडलं त्याने धुवायचं, असा नियम आहे. बोर्ड लावलाय." आणि आत कुठेतरी दोन माणसं एका वर्गात बसून तिची वाट पाहत होती.

तिने मिलाग्रोसच्या हातातला पेला घेतला, नळीने एका दमात रिकामा केला आणि आत गेली.

खिडक्यांच्या वर्गात उजेड भरपूर होता. दारातून आत आलेल्या त्या पांढऱ्यापिवळ्या आकृतीकडे दोघांनीही पाहिलं. सोतेलोंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नार्देली बाई," दालमासो म्हणाले, "आम्ही अजून गुण दिलेले नाहीत."

"मला माहीत आहे. माझ्या आईला माहीत नव्हतं."

"तुम्हाला तोंड धुवून यायचं असेल तर..."

"नळाला पाणी नाही, इंजिनिअर. आपण घड्याळाच्या हाकेपाशी होतो."

तिने नवा फळा गाठला. आधी सगळं जुनं पुन्हा मांडलं: चार खण, चळत, कळीच्या हाकेचा परतीचा पत्ता सगळ्यांत खाली. बोटांना पीठ चिकटलेलं असल्यामुळे खडू निसटत नव्हता. मग घड्याळाची हाक घेतली. अर्धवट काम वर रचलं, घड्याळाचं काम केलं, वरून एकेक उतरवलं. शेवटी ठेवलेलं आधी. तिला पाठीवरची नजर जाणवत नव्हती असं नाही, पण आता तिथे बलकही होता, आणि बलक जास्त जाणवत होता. आज या माणसाला मी आणखी काय दाखवायचं राहिलंय, असं काहीसं तिच्या मनात होतं. तिने उरलेलं कळीचं काम पुरं केलं, ती चळतही उतरवली, मूळ कामावर परत आली आणि खडू ठेवला.

दालमासो उठून फळ्याजवळ गेले. बोटाने ओळी मोजत खाली उतरले. एका ठिकाणी थांबले.

"क्रम बरोबर आहे," ते म्हणाले. मारिसेलने श्वास सोडला. "पण दोन्ही वेळा हाकेचं काम संपल्यावर तुम्ही तसं कळवलेलंच नाही. हाका पुढे पाठवणारी जी चिप आहे, तिला 'झालं' असं सांगावं लागतं. ती समजते आहे, तुम्ही अजून कामातच आहात. आता तुमचं हे यंत्र कोणाचीच हाक ऐकणार नाही."

"आत्ता मला तेच हवंय," मारिसेल म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि मग तिच्या लक्षात आलं की ती कोणाशी बोलते आहे. सोतेलोंनी रुमाल तोंडाला लावला. दालमासोंचा चेहरा काही क्षण जसा होता तसाच राहिला. मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पायरीवर एक जाड म्हातारी गुडघे टेकून फरशी घासत होती आणि एक माणूस बादली घेऊन इकडून तिकडे पळत होता.

"समजू शकतो," ते म्हणाले. "पण यंत्राला ते परवडत नाही. दुरुस्त करा."

तिने दुरुस्त केलं. दोन जागी दोन ओळी, परतीच्या आधी. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो तिला आला नाही. आणखी एक विचारला, तो निम्मा आला. मग तिला बाहेरच्या बोळात थांबायला सांगितलं. बोळात ती भिंतीला टेकली नाही, कारण भिंत खराब झाली असती. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा दालमासोंचा आवाज चढला आणि सोतेलोंचा त्याहून वर गेला. एका माणसाला नापास करायला एवढा वेळ लागतो का? का पास करायला लागतो? केसांतला बलक सुकून टाळू ओढू लागला होता.

दार उघडलं. सोतेलो म्हणाल्या, "चार."

चारला पास करतात. चारच्या खाली नापासच.

"इंजिनिअर सोतेलोंचं म्हणणं पाच होतं," दालमासो आतून म्हणाले. "माझं म्हणणं, 'झालं' असं सांगायला जो विसरतो त्याला पाच देता येत नाहीत. अभिनंदन. आता तुम्ही तोंड धुवा."

बेचाळिसाव्या वर्षी, तांब्याभर बलक डोक्यावर घेऊन, चार. एवढी वर्षं मनात रंगवलेला तो क्षण हाच का, असं तिला वाटलं. आनंद कुठेतरी होता, पण त्याच्यावर इतका राग साचला होता की तो हाताला लागेना. ती त्याच दाराने बाहेर आली.

पायरी अर्धी धुऊन झाली होती. पाणी तितोने पलीकडच्या घरून मागून आणलं होतं. शिपाई सावलीत उभा राहून कुठे राहिलं ते बोटाने दाखवत होता. मिलाग्रोस खराट्याने पाणी गटाराकडे लोटत होती. मारिसेलला पाहून सगळे थांबले. पिठाच्या खपल्यांमागे तिचा चेहरा वाचता येण्यासारखा नव्हता, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

सांगावं, असं तिच्या मनात आलं. मग आलं, मी एवढी वर्षं थांबले; यांनी एक बादली थांबायला काय हरकत आहे? तिने आईच्या हातातला ब्रश घेतला आणि घासायला बसली.

"राहू दे गं. तू कशाला?" इर्माबाई हळूच म्हणाल्या.

मारिसेल खालच्या पायरीवर सरकली.

"कॉलेजवाल्यांना मी जाऊन सांगू का? चूक माझी आहे म्हणून? म्हातारी आहे, डोळ्यांना दिसत नाही..."

"इथे बलक राहिलाय. पाणी टाक, तितो."

तितोने पाणी टाकलं.

"मार्चमध्ये पुन्हा..." इर्माबाईंनी सुरुवात केली.

"मार्चमध्ये काही नाही."

इर्माबाईंचा खालचा ओठ हलला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "सोडलंस," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे सोडलंस."

मारिसेलने शेवटचा डाग घासून काढला. तितोच्या हातातून बादली घेतली आणि उरलेलं पाणी वरच्या पायरीवरून ओतलं. पाणी पांढुरकं होत गटारापर्यंत गेलं. शिपायाने मान डोलावली आणि आत निघून गेला.

"चार मिळाले," ती म्हणाली. "झालं."

मिलाग्रोसने किंकाळी फोडली आणि तिला मिठी मारली, मग स्वतःच्या कपड्यांकडे पाहून पुन्हा मारली. तितो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मग मघाशीच का नाही सांगितलंस, जाडे?"

"मघाशी तुम्ही विचारलंत?"

इर्माबाई पायरीवरच, ओल्यात, मटकन बसल्या. रडल्या की हसल्या हे कळायला मार्ग नव्हता. आणि आता डोळे पुसण्यावरून कोणी काही ठरवणारही नव्हतं. मग त्यांना एकदम आठवलं. त्यांनी रिकामा ट्रे उचलून उलटापालटा करून पाहिला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. भर दुपारी सगळी दुकानं झोपेसाठी बंद होती. संध्याकाळपर्यंत शहरात कुठे अंडं मिळणार नव्हतं.

"एकही उरलं नाही गं," त्या म्हणाल्या. "खरं झालं आणि फोडायला एकही नाही."

मारिसेल गाडीच्या मागच्या उघड्या भागात चढली, कारण त्या अवस्थेत तितो तिला आत बसू देणार नव्हता. कपाळावरची एक खपली तिने नखाने काढली.

"बरंच झालं," ती म्हणाली. "आज रात्री आम्लेट तरी होणार नाही."

इर्माबाई पदराने ट्रे पुसावा तसा झग्याच्या कडेने तो पुसू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग भात टाकते."